हळदीचा कागद

वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नरहर कुरुंदकरांमुळे. १९३२ साली त्यांचा जन्म झाला. प्रत्येक दाव्याला पुरावा मागणारा हा विचारवंत. आज हा सारा परिसर हळदीचा म्हणून ओळखला जातो, आणि हळदीच्या पुराव्याचा एक वाद थेट अमेरिकेत रंगला होता. त्याची आठवण आज करायची आहे.

जखमेवर हळद दाबावी, हे आपल्याकडे कुणी शिकवावे लागत नाही. विळा लागला, खुरपे लागले, की घरातली म्हातारी डब्यातून चिमूटभर हळद काढते. हिंदूंच्या लग्नघरी हळद लागते, तशीच आमच्या मुसलमानांच्या घरीही लागते. बायका गाणी म्हणतात. हे ज्ञान असे हातातून हातात आणि तोंडातून कानात आले.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. संशोधन करणारे दोघेही भारतीय वंशाचे होते. कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला १९९९ साली. आजीबाईचे औषध सातासमुद्रापार दुसऱ्याच्या नावावर चढले होते.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ साली या पेटंटला आव्हान दिले. जे आधीच माहीत आहे ते नवे नव्हे, आणि नवे नसेल तर पेटंट नाही. मुद्दा साधा होता. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात एक मेख होती. परदेशातले लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करतात, एवढे सांगून भागत नसे. ती कुठेतरी लिहिलेली, छापलेली दाखवावी लागे. लाखो आज्यांची साक्ष तिथे चालत नव्हती. एक जुने पान चालत होते.

परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले जुने ग्रंथ होते, काही शंभर वर्षांपूर्वीचे. १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले.

त्या यादीत उर्दूचे नाव वाचून मला बरे वाटले. पण मी लिहितो मराठीत, आणि मराठीचे नाव या हकिगतीत माझ्या वाचनात आलेले नाही. मराठी घरांत हळद नव्हती असे थोडेच आहे? ती गाण्यात होती. गाणे कवीला पुरते, पेटंट कार्यालयाला पुरत नाही.

या धड्यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू, तमिळ ग्रंथांतली औषधे परदेशी पेटंट तपासनिसांना त्यांच्या भाषेत पाहता येऊ लागली. पुढे २०१३ पासून अमेरिकेचा कायदाही बदलला. परदेशातला जाहीर वापर आता तिथे विचारात घेतला जातो. पण तो वापर होता, हे दाखवायचे कशाने? पुन्हा कागदानेच.

एक सावधगिरी मात्र हवी. पेटंट रद्द झाले म्हणजे हळद सर्व रोगांवर औषध ठरली, असे नव्हे. हळदीतले कुरकुमिन शरीरात फारसे शोषले जात नाही, टिकतही नाही, हे २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी एका सविस्तर आढाव्यात मांडले. ज्ञान कुणाचे, हा एक प्रश्न. ते कितपत खरे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दप्तरात मिळते, दुसऱ्याचे प्रयोगशाळेत.

त्यातले दप्तर आपल्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. गावातली वाणे, वनस्पती आणि त्यांचे उपयोग त्यात उतरवायचे असतात. बेणे कसे राखतात, हळद कशी शिजवतात, कोणता लेप कशावर लावतात, हे जाणत्या बायकांना विचारून मराठीत लिहून ठेवावे, सांगणारीच्या नावासह. कुरुंदकरांच्या गावाला पुराव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, तोवर हे काम झाले पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)