न संपणारी शिक्षा

गुन्हा साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातला आणि शिक्षा मात्र कधीच न संपणारी, हा न्याय कसा? ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. टीकाकारांनी विचारला, तसा श्रद्धावंतांनीही. एका मराठी माणसाला तर तो आधी बाहेरून आणि मग आतून छळत राहिला. आज त्याच्यापासूनच सुरुवात करू.

नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे त्याचे नाव. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा, घराणे चित्पावन, शिक्षण काशीत. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून ऐन विशीतल्या नीलकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. त्यांचा रोख असा, की नरक आपल्याकडेही आहे, पण तो कर्माच्या हिशेबाने. पाप फिटले की सुटका. या नव्या मतात मात्र मागचा जन्म नाही. देव एकाला धडधाकट घडवतो, दुसऱ्याला जन्मांध, आणि एवढ्याशा एका आयुष्यावरून कायमचा निवाडा करतो. अशा देवाला न्यायी कसे म्हणावे?

प्रश्न बिनतोड होता. पण नवा नव्हता. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने म्हटले होते की देवाची शिक्षा वैद्याच्या औषधासारखी असते, आणि शेवटी सारे आत्मे देवाकडे परततील. सहाव्या शतकात चर्चने हे मत निषिद्ध ठरवले. त्याआधीच, पाचव्या शतकात, संत ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात उलट बाजू मांडली होती. शिक्षेची मुदत गुन्ह्याला लागलेल्या वेळावर कोणता कायदा ठरवतो? खून क्षणात होतो, म्हणून कैद क्षणाची नसते. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘सार्वकालिक’ हा एकच शब्द शिक्षेलाही आहे आणि जीवनालाही. नरकाला अंत मानला, तर स्वर्गालाही मानावा लागेल. पुढे थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक युक्तिवाद दिला: अपराध अनंत देवाचा, म्हणून त्याची शिक्षाही अनंत.

या उत्तरांवर चर्च शतकानुशतके उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याच्या भिंतींना तडे गेले.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १८५३ मध्ये लिहिले, की ‘सार्वकालिक’ म्हणजे लांबच लांब काळ नव्हे. देवाला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन आणि त्याला मुकणे हीच शिक्षा. ती किती वर्षे, हा प्रश्नच गैरलागू. एवढ्यावरून त्यांची नोकरी गेली. कवी टेनिसनने मात्र त्यांना आपल्या घरी येण्याचे निमंत्रण कवितेतून दिले. मॉरिस त्याच्या मुलाचे धर्मपिता होते.

मॉरिस यांच्या बाजूने इतिहासाचा एक पुरावाही होता. इंग्लंडच्या चर्चने १५५३ मध्ये ४२ धर्मकलमे तयार केली. ‘शेवटी सर्वांचाच उद्धार होईल’ या मताचा निषेध ४२ व्या कलमात होता. दहा वर्षांनी कलमांची फेरतपासणी झाली, तेव्हा हेच कलम गळले.

मग प्रकरण न्यायासनापुढे गेले. हेन्री ब्रिस्टो विल्सन या पाद्र्याने १८६० मध्ये एका लेखसंग्रहात, दुष्टांनाही अखेर क्षमा मिळेल अशी आशा व्यक्त केली. चर्चच्या न्यायालयाने त्यांना दोषी धरले. पण १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. अशी आशा बाळगणे चर्चच्या कायद्याने गुन्हा नाही, असे ठरले. लॉर्ड चॅन्सेलरनी नरकाचा दावा खर्चासह फेटाळला, असा विनोद तेव्हा रूढ झाला. उत्तरादाखल सुमारे ११ हजार पाद्र्यांनी सही करून जाहीर केले, की शिक्षा सार्वकालिकच आहे.

याच वादातले पुढचे नाव थेट मुंबईशी जोडलेले आहे. फ्रेडरिक फॅरर यांचा जन्म १८३१ मध्ये मुंबईत झाला. वडील मिशनरी. किंग्ज कॉलेजात ते मॉरिस यांचे विद्यार्थी होते. नोव्हेंबर १८७७ मध्ये त्यांनी वेस्टमिन्स्टर अॅबीत याच विषयावर प्रवचने दिली. त्यांचे म्हणणे असे, की बहुतेक माणसे संतही नसतात आणि सैतानही नसतात, मधलीच असतात. त्यांच्यासाठी मृत्यूनंतर आशेचे दार का बंद असावे? ऑक्सफर्डच्या एडवर्ड प्युसी यांनी १८८० मध्ये त्यांना उत्तर दिले. शिक्षा सार्वकालिक आहेच, असे त्यांनी ठामपणे मांडले. पण जो जाणूनबुजून, शेवटच्या क्षणापर्यंत देवाला नाकारतो, त्याच्याखेरीज कोणाचाही नाश होत नाही, आणि असे किती ते कोणालाच ठाऊक नाही, हेही त्यांनी मान्य केले. भांडायला निघालेली दोन माणसे एकमेकांच्या बरीच जवळ आली.

माझ्या मते या वादाचे मूळ ‘शिक्षा कशासाठी?’ या प्रश्नात आहे. माणूस सुधारावा म्हणून, इतरांना जरब बसावी म्हणून, की केल्याची परतफेड म्हणून? न संपणाऱ्या नरकात सुधारायला वाव नाही. कयामतीनंतर जरब बसवायला कोणी उरत नाही. उरते ती परतफेड; आणि तिचा हप्ता कधीच संपत नसेल, तर ती फिटणार कशी? दुसरी बाजूही ऐकायला हवी. ज्याचे घर जाळले, लेकरे मारली, त्याच्या फिर्यादीचे काय? जुलमी माणूस मरेपर्यंत मजेत जगला आणि पुढेही सुटला, तर तेही न्यायाला धरून नाही. नरकाची कल्पना केवळ क्रूरतेतून आलेली नाही. दुबळ्यांच्या आक्रोशातूनही आली आहे.

परक्या घरातले भांडण म्हणून मी हे सांगत नाही. माझ्या धर्मातही हा प्रश्न आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न कय्यिम यांनी, जहन्नमची आग कधी तरी विझेल का, याची सविस्तर चर्चा केली आहे. बहुसंख्य उलेमांनी अंत मानला नाही. पण प्रश्न विचारणारा होता.

आता पुन्हा नीलकंठशास्त्र्यांकडे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिल्यानंतर दोन-चार वर्षांतच, १८४८ मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे ते पाद्री झाले, पुण्यात राहिले, प्युसींच्याच परंपरेतल्या काउली फादर्समध्ये वावरले. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराला त्यांच्या लेखनाचा हातभार लागला. पण शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, आणि त्यांत सार्वकालिक शिक्षेची शंका होतीच. धर्म बदलला, तरी जुना प्रश्न सोबत आला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले, ते श्रद्धावंत ख्रिस्ती म्हणूनच.

त्यांनी प्रश्न गिळला नाही आणि श्रद्धाही टाकली नाही. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, तो यासाठीच. देव न्यायी आहे असे ज्याला मनापासून वाटते, तोच त्याला न्यायाबद्दल विचारू शकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)