चीजच्या पाण्यातून निघालेली पावडर

दुधात रेनेट हे दूध साकळवणारे विकर घातले की केसीन हे प्रथिन साकळते, त्याचे चीज होते आणि मागे हिरवट झाक असलेले पातळ पाणी उरते. दहा लिटर दुधामागे असे पाणी सुमारे नऊ लिटर निघते. जिममध्ये ‘व्हे’ म्हणून ओळखली जाणारी पावडर याच पाण्यातली. त्यात प्रथिने शेकडा एकाहूनही कमी, बाकी बहुतेक पाणी आणि दुधातली साखर. म्हणून चीज कारखाने ते डुकरांना पाजत, शेतात सोडत, नाहीतर सरळ नदीत ओतत.

प्रोटीन पावडरचा धंदा मात्र व्हेच्या आधीचा आहे. १८९८ साली जर्मनीत ‘सॅनाटोजेन’ हे केसीनचे चूर्ण बाजारात आले. ते खपले अशक्तपणा आणि थकलेल्या मज्जातंतूंवरचे टॉनिक म्हणून. पिळदार शरीराशी पावडरीची गाठ पक्की बांधली ती १९५०च्या दशकातल्या अमेरिकेने. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क गावचे बॉब हॉफमन वजने बनवत, ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ मासिक काढत आणि सोयाबीनच्या पिठाची ‘हाय-प्रोटीन’ पावडरही विकत. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच, ही या धंद्यातली सर्वांत घातक परंपरा तेव्हाच रुजली.

व्हेचे नशीब पालटले ते नद्यांमुळे. हे पाणी कुजताना नदीतला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. अमेरिकेत १९७२ च्या जलशुद्धी कायद्याने सांडपाण्यावर कडक बंधने आली. त्याच सुमारास अल्ट्राफिल्ट्रेशनचे पडदे कारखान्यांत पोचले. पाणी, साखर आणि क्षार त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून निसटतात, प्रथिने अडतात. पडद्यामागे अडलेला हा प्रथिनांचा द्रव गरम हवेत फवारून वाळवला की पावडर तयार. तिच्यातल्या ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारात ८० टक्क्यांपर्यंत प्रथिने असतात, तर ‘आयसोलेट’मध्ये ९० टक्के किंवा अधिक. फेकण्याच्या पाण्याला आता भाव आला.

याच दशकात एक भयंकर धडाही मिळाला. जनावरांच्या कातडीपासून काढलेल्या, ट्रिप्टोफॅन हा आवश्यक घटक नसलेल्या द्रव प्रथिनावरच राहून वजन उतरवू पाहणारे अनेक अमेरिकन १९७७-७८ मध्ये हृदयक्रिया बिघडून दगावले. नुसता ‘प्रथिन’ हा शब्द वाचून डबा घेऊ नये, हे तेव्हापासून उघड आहे.

मग प्रथिने लागतात तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. डाळ, दूध, अंडी, मासे यांतून ती मिळू शकतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळाव्यात, असाच सल्ला दिला आहे.