फर्माईश नसलेलं गाणं

बँड म्हटलं की आमच्या रिठदच्या माणसाच्या डोळ्यांपुढे लाल डगले येतात. वरात निघालेली, पुढे क्लॅरिनेट, मागे मोठा ढोल, आणि दोन बोटांत नोट धरून फर्माईश करणारे नवरदेवाचे मित्र. सिनेमा नवा असो की जुना, मागितलेलं गाणं बँडवाल्यांनी वाजवलंच पाहिजे. बँडमास्तरनं स्वतः बांधलेली चाल वरातीत वाजवल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. वाजवली असती तर लोकांनी त्याला मधेच थांबवलं असतं.

म्हणून 'रॉक बँड' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी मनातल्या मनात लाल डगलेच शोधले होते. ते साल १९८९ असावं. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो आणि मी अकोल्यात बी.ए. करत होतो. गझलांची कॅसेट घ्यायला एका दुकानात गेलो, तर दुकानदाराचा मुलगा भलतंच काहीतरी लावून बसलेला. गिटारचा आवाज असा, की दुकानाची फळी थरथरावी. शब्द इंग्रजी. माझं इंग्रजी तेव्हा परीक्षेपुरतं होतं, त्यामुळे एक ओळ धड कळली असेल तर शपथ. मी कॅसेटचं कव्हर हातात घेतलं. बँडचं नाव 'रॉक मशीन'. आणि वाजवणारे, गाणारे कोण? उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालापोरिया. मला वाटलं होतं विलायतेचे गोरे असतील. ही तर मुंबईची माणसं निघाली!

त्या मुंबईच्या बँडची गोष्ट मला आज सांगायची आहे. मी संगीतातला जाणकार नाही, शब्दांचा माणूस आहे. त्यामुळे गिटारच्या तारांपेक्षा मला यात एक वेगळाच प्रश्न दिसतो. आपलं गाणं कोणत्या भाषेत म्हणायचं, हे ठरवायचं कोणी?

रॉक मशीन ही काही आकाशातून पडलेली गोष्ट नव्हती. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीनं 'सिमला बीट' नावाची देशव्यापी स्पर्धा भरवली होती. ठिकठिकाणच्या कॉलेजातली पोरं गिटारी घेऊन तिच्यात उतरली आणि त्यांच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. त्याच दशकात मुंबईत 'ॲटॉमिक फॉरेस्ट' हा बँड होता आणि त्यात गाणाऱ्यांपैकी एक होते नंदू भेंडे. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. पु. ल. देशपांड्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' १९७८ साली रंगमंचावर आला, त्यातला अंकुश तो हाच. इंग्रजी रॉक गाणारा गळा मराठी तमाशाच्या बाजात उभा राहिला आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्याविषयी खरं तर स्वतंत्रपणे बोलायला हवं. मराठी आणि रॉक यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी उंच नव्हती, एवढंच इथे त्यांच्या निमित्तानं सांगतो.

तर १९८४ साली मुंबईत रॉक मशीन सुरू झाला. त्या काळातले बहुतेक बँड जे करत तेच सुरुवातीला त्यांनीही केलं, म्हणजे विलायती बँडांची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवणं. हुबेहूब वाजवणारा तो मोठा कलावंत. श्रोते खालून ओरडून अमक्याचं गाणं, तमक्याचं गाणं मागायचे. बारकाईनं पाहिलं तर आमच्या वरातीत आणि या मैफलीत फरक एवढाच, की इथे नोट दाखवत नसत.

या मैफली जिथे होत ती जागा म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली सुरू झालेली 'जॅझ यात्रा' इथलीच. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागलं. ते सुरू करण्यात पुढाकार होता फरहाद वाडियांचा. वर मोकळं आभाळ आणि खाली दगडी पायऱ्यांवर ऑगस्टच्या पावसात भिजत बसलेली पोरं. बोरीबंदरची लोकल पकडून आलेला कारकुनाचा मुलगा आणि मलबार हिलवरून गाडीनं आलेला मुलगा, दोघं एकाच पायरीवर. रॉक हा श्रीमंतांच्या पोरांचा चाळा, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मलाही तसंच वाटायचं. रंगभवनात बसलेल्यांशी पुढे बोलल्यावर ते मत मी मागे घेतलं.

रॉक मशीननं १९८८ साली जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी 'रॉक अँड रोल रेनेगेड' नावाचा अल्बम काढला आणि त्यात स्वतः रचलेली गाणी घातली. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून गेलेला, फितूर. नाव मोठं बोलकं आहे. १९९० साली दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. कोणी न मागितलेलं गाणं लोकांपुढे ठेवायला किती धैर्य लागतं, हे कविता लिहिणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मागणी नसताना लिहीत राहणं हा तर आम्हा मंडळींचा धंदाच.

पण गाणी स्वतःची असली तरी भाषा इंग्रजीच होती, आणि तिथे प्रश्न यायचा. तुम्ही भारतीय, मग इंग्रजीत का गाता? हा प्रश्न ऐकला की मला माझं आठवतं. आमच्या घरात दखनी बोलतात, गल्लीत वऱ्हाडी, मदरशात उर्दू शिकलो आणि शाळा सगळी मराठीत झाली. कविता सुचली ती मराठीत. एका मुशायऱ्यात मी मराठी कविता वाचली, तेव्हा एका बुजुर्गांनी प्रेमानंच विचारलं, "मियाँ, अपनी ज़बान में क्यों नहीं लिखते?" आणि एका मराठी कार्यक्रमात सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना म्हणाले, "हे मुस्लिम असूनही किती छान मराठी लिहितात." त्या 'असूनही'चं काय करावं, ते मला आजही कळलेलं नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या शाहिरीनं संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटवल्या. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. एवढं होऊनही तो प्रश्न काही संपत नाही. ज्या भाषेत माणसाला सुचतं ती त्याची भाषा. वांद्र्या-कुलाब्यात इंग्रजी ऐकत, बोलत वाढलेल्या पोराला इंग्रजीत सुचलं, तर त्यानं ते खोटं पाडून हिंदीत का गावं?

मात्र त्या मंडळींच्या मनातही काहीतरी घोळत असणार. कारण १९९३ साली, चांगलं नाव झालेलं असताना, त्यांनी ते टाकून दिलं आणि 'इंडस क्रीड' हे नवं नाव घेतलं. शब्दांचा माणूस म्हणून या नावापाशी मी जरा रेंगाळतो. इंडस म्हणजे सिंधू. इराणी लोकांनी सिंधूचं हिंदू केलं, ग्रीकांनी इंडोस. हिंद, हिंदवी, इंडिया ही सगळी एकाच नदीच्या पाण्यातून वर आलेली नावं. क्रीड म्हणजे श्रद्धा, पंथ. यंत्राचं नाव टाकून त्यांनी नदीचं नाव घेतलं. भाषा बदलली नाही, पण पत्ता बदलला.

त्याच वर्षी त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. उपग्रह वाहिन्या १९९१ साली आल्या होत्या, एमटीव्ही त्यांच्यातच होती. आता या बँडला आभाळ मोकळं झालं, असं कोणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. १९९५ साली त्यांचा 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला आणि त्याच वर्षी आलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' घराघरांत वाजू लागलं. हिंदी पॉपची लाट उसळली. वाहिन्यांच्या लक्षात आलं, की या देशात खपतं ते हिंदी, आणि त्यातही सिनेमाचं. ज्या पडद्यानं या पोरांना वर नेलं होतं, त्यानंच हळूहळू त्यांच्याकडे पाठ फिरवली. म्हणजे शेवटी फर्माईशच जिंकली, फक्त नोट दाखवणारा बदलला. १९९७ साली बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी नवा बँड काढला, त्याचं नाव 'आम्स फॉर शांती', शांतीची भिक्षा. आमच्याकडच्या एखाद्या फकिराला सुचावं असं नाव.

पुढे रंगभवनही गेलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरू लागले. रंगभवनाच्या आसपास कामा आणि जी. टी. ही दोन जुनी इस्पितळं. २००३ पासून तिथल्या मैफली बंद झाल्या. इस्पितळात पडलेल्या माणसाला झोप हवी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी स्वतः आईजवळ इस्पितळात रात्री काढल्या आहेत, बाहेरच्या डीजेला शिव्या घातल्या आहेत. पण एवढ्या मोठ्या शहरानं त्या पोरांना तेवढीच हक्काची, स्वस्त, मधोमध असलेली दुसरी जागा दिली नाही. एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो होतो तेव्हा मुद्दाम धोबीतलावला उतरून ते फाटक पाहून आलो. आत कोणी नव्हतं. रखवालदारानं विचारलं, "कोणाकडे जायचंय?" काय सांगणार?

'पेंटाग्राम' या मुंबईच्याच पुढच्या बँडनं मधला मार्ग काढला. त्याचा गायक विशाल ददलानी. कारगिल युद्धाच्या पार्श्वभूमीवर या बँडनं 'द प्राइस ऑफ बुलेट्स' हे गाणं केलं, त्यात जावेद अख्तर आणि शंकर महादेवन सोबत होते. २००५ साली हा बँड इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या महोत्सवात वाजवून आला. पण ददलानींचं नाव आपल्या गावापर्यंत पोचलं ते विशाल-शेखर या जोडीच्या सिनेसंगीतामुळे. एक हात सिनेमात, दुसरा स्वतःच्या गाण्यात. मी याला तडजोड म्हणणार नाही. मास्तरकी करून कविता लिहिणारे आपल्यात काय कमी आहेत?

इंडस क्रीड २०१० साली पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने तिघं, सोबत रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नव्या पिढीतले दोघं. २०१२ साली त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. आधीच्या आणि या अल्बममध्ये सतरा वर्षं गेली. गाणी पुन्हा स्वतःची होती आणि भाषा पुन्हा इंग्रजीच.

गेल्या उन्हाळ्यात गावातले आमचे जुने बँडमास्तर ओट्यावर बसले होते. आता त्यांना क्लॅरिनेट फुंकवत नाही, आणि वरातींनाही डीजे लागतो. मी मोबाइलवर त्यांना 'प्रिटी चाइल्ड' ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला.

"शायरसाहेब, हे गानं कोन्त्या पिच्चरमधलं?"

"पिच्चरमधलं नाही मास्तर. त्यांनी स्वतःच बांधलेलं आहे."

"सोताच बांधलं?" मास्तरनं मोबाइल हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. "मंग यायले पैसे कोन देत होतं?"

"तीच तर अडचण झाली," मी म्हणालो.

मास्तर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइल माझ्याकडे परत करत म्हणाले, "एक डाव अजून लावा बरं."