तळटीप १२ : ‘बगळी आणि क्रौंच’

१२. रशियन लोककथेवरचा यूरी नॉर्श्टेइन यांचा लघुपट (१९७४, सोयुझमुल्तफिल्म). पात्ररचना त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का यार्बूसोवा यांची. कथेत दोघे आळीपाळीने लग्नाची मागणी घालतात, नाकारतात आणि पस्तावतात. ही पात्रं म्हणजे सेल्युलॉइडवर रंगवून कापलेले सपाट तुकडे, कॅमेऱ्याखाली काचेवर मांडून हाताने सरकवलेले. सपाट आहेत म्हणून त्यांना बाहुल्या न मानता नुसती चित्रं समजावं, हा आक्षेप टिकत नाही: रेखाटलेल्या चित्रपटात हालचालीसाठी चित्र पुन्हा काढावं लागतं, इथे तोच तुकडा पुढे सरकतो. त्यामुळे मान, चोच, गुडघा कुठे तोडायचा हे आधीच ठरवावं लागतं, आणि माझ्या मते पात्राचा स्वभाव तिथेच ठरतो. चोचीला ओठ नाहीत. बगळीचा रुसवा मानेच्या बाकातूनच दाखवावा लागतो.