उत्तर कारेलियाचें लोणी

फिनलंड देशाच्या पूर्व सीमेवर, रशियाला लागून, उत्तर कारेलिया नांवाचा प्रांत आहे. घनदाट अरण्यें, असंख्य सरोवरें आणि दीर्घ हिंवाळा हीं त्याचीं लक्षणें. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील पुष्कळ पुरुष अरण्यांत लांकूडतोड करीत आणि लहानशा शेतावर चार गाई पाळून गुजराण करीत. दूध घरचें, लोणी घरचें, डुकराचें मांसही घरचें. भाजीपाल्याला मात्र ताटांत फारसें स्थान नसे. युद्धकाळांतील टंचाई सोसलेल्या या लोकांना लोण्याचा जाड थर दिलेला पाव म्हणजे सुबत्तेची खूणच वाटली, तर त्यांत नवल तें काय?

परंतु याच धट्ट्याकट्ट्या पुरुषांना भर उमेदीच्या वयांत हृद्रोग गांठूं लागला. अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५८ सालीं सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा व हृद्रोगाचा तौलनिक अभ्यास सुरू केला. त्यांत पूर्व फिनलंडमधील पुरुषांची स्थिति सर्वांत वाईट, तर भूमध्य समुद्रांतील क्रीट बेटावरील शेतकऱ्यांची उत्तम ठरली. क्रीटमधील माणूसही स्निग्ध पदार्थ कमी खात नव्हता. पण त्याचा स्नेह ऑलिव्हच्या तेलाचा होता, कारेलियांतील माणसाचा लोण्याचा व चरबीचा.

या भेदाचें मर्म कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें निकोलाय आनिच्कोव्ह या तरुण संशोधकानें आपल्या सहकाऱ्यासह सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें शुद्ध कोलेस्टेरॉल चारलें. कांहीं आठवड्यांनीं त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर माणसाच्या रोगट वाहिन्यांत दिसतात तसे थर आढळले. ससा हा शाकाहारी प्राणी, त्यावरून माणसाविषयीं अनुमान कसें काढावें, असा आक्षेप त्या वेळीं आला, आणि तो सर्वस्वीं निराधार नव्हता. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीराला आवश्यकच असून त्याचा बराचसा भाग यकृत स्वतःच तयार करतें. म्हणून अन्नांतील कोलेस्टेरॉलपेक्षां अन्नांतील स्नेहाचा प्रकार बहुतेक माणसांत अधिक परिणाम करतो. रक्तांतील घातक कोलेस्टेरॉल वाहणारे कण पेशी कशा टिपून घेतात, हें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं शोधून काढलें, व त्यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लोणी, चरबी यांतील संपृक्त स्नेहाम्लांमुळें यकृताची ही टिपण्याची शक्ति मंदावते, आणि ते कण रक्तांतच सांचून राहतात.

कारेलियांतील विधवांना मात्र या सिद्धांतांची वाट पाहण्यास सवड नव्हती. १९७१ च्या जानेवारींत प्रांताच्या गव्हर्नरांनीं व लोकप्रतिनिधींनीं सहीनिशीं अर्ज करून सरकारकडे मदत मागितली. १९७२ सालीं कार्यास आरंभ झाला, आणि त्याची धुरा तिशीही न गांठलेल्या पेक्का पुस्का या डॉक्टरावर आली. प्रथम पाहणी झाली. प्रांतांतील बहुतेक सर्वजण पावाला लोणीच लावीत आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत, असें दिसून आलें. पुरुषांच्या रक्तांत दर शंभर मिलिलिटरमागें कोलेस्टेरॉलचें सरासरी प्रमाण सुमारें २६५ मिलिग्रॅम होतें.

नुसत्या उपदेशानें जिभेची संवय मोडत नाहीं, हें पुस्का यांनीं ओळखलें. त्यांनीं ‘मार्था’ या स्त्रियांच्या जुन्या संघटनेस हातीं धरलें. गांवोगांवीं मेजवान्या झाल्या. कारेलियाची परंपरागत मांसाची रस्सेदार पाककृति तीच ठेवून त्यांत चरबी व मीठ कमी आणि भाज्या अधिक घालण्यांत आल्या. खाणाऱ्यांस ती रुचली, आणि पाककृति घरोघर गेली. दुग्धव्यवसायाचा विरोध स्वाभाविकच होता, कारण येथें प्रश्न शेतकऱ्याच्या पोटाचाही होता. यास्तव गाईंवर अवलंबून असणाऱ्यांस बेरीच्या फळांची लागवड करण्यास उत्तेजन देण्यांत आलें. पुढें थंड हवेंत तग धरणाऱ्या मोहरीच्या जातीच्या पिकापासून देशांतच खाद्यतेल निघूं लागलें. नंतरच्या काळांत तर कोणाचें कोलेस्टेरॉल अधिक उतरतें, अशा गांवागांवांत स्पर्धाही लागल्या!

फळ काय मिळालें? २००७ सालापर्यंत पुरुषांचें सरासरी कोलेस्टेरॉल सुमारें २१० वर उतरलें. ३५ ते ६४ वर्षांच्या पुरुषांत १९७० च्या सुमारास दर लाखामागें वर्षाला सुमारें ६७० हृद्रोगानें दगावत. २००६ सालीं ही संख्या सुमारें १०० झाली.

टीकाकारांनीं एक मुद्दा काढला, तोही नमूद केला पाहिजे. तुलनेसाठीं घेतलेल्या शेजारच्या कुओपियो प्रांतांतही मृत्यूचें प्रमाण बरेंच घटलें. मग श्रेय कोणाचें? यावर उत्तर असें दिलें जातें कीं, वृत्तपत्रें व दूरचित्रवाणी प्रांताची सीमा जाणत नाहींत, आणि १९७७ नंतर हें कार्य देशभर पसरलेंच होतें. धूम्रपान कमी झालें, रक्तदाबावर उपचार झाले, पुढें औषधेंही आलीं. या सर्वांचा वांटा त्या यशांत आहे. तथापि संशोधकांच्या हिशेबांत कोलेस्टेरॉलच्या घटीचा वांटा सर्वांत मोठा ठरला, आणि ती घट मुख्यतः औषधांच्या दुकानांतून नव्हे, तर स्वयंपाकघरांतून आली.

कारेलियांतील माणसानें आपलें जेवण टाकलें नाहीं. त्यांतील स्नेह तेवढा बदलला. तो बदलूं शकला याचें कारण असें कीं, गृहिणी, शेतकरी, दुकानदार व सरकार यांनीं एकाच वेळीं हात लावला. एकट्या रोग्याला पथ्य सांगून जें साधलें नसतें, तें सगळ्या प्रांताचें ताट बदलल्यानें साधलें.