कारखान्याची सायकल, गावची सायकल

मंडळी, सायकलीचा इतिहास म्हटला की कारखान्यांची नावे येतात. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलस, मग आपल्याकडची 1951 ची अ‍ॅटलस, 1956 ची हीरो. साल, गाव, मालक, सगळे नोंदलेले. आम्हांला आज त्याच्या पुढचे बोलायचे आहे. सायकल दुकानातून घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यावर पाना चालला, त्याचे. कशेळ्यासारख्या भागात सायकल कधी तयार होऊन आली नाही, ती इथे आल्यावर तयार झाली, असे आमचे म्हणणे आहे. आणि ज्यांनी ती तयार केली त्यांची नावे कुठल्या वहीत नाहीत.

सुरुवात जरा लांबून, बेळगावातून करू. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ड्रॉइंग शिकवत. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव 1888 सालापासूनचे मानतात, आणि ते सायकलच्या दुकानाचे नाव. तिथून कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. तिकडे अमेरिकेत विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचेही सायकलचेच दुकान होते. आम्हांला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. सायकल हे पोट उघडे असलेले यंत्र आहे हो. चेन, दाते, छर्रे, ताण दिलेले आरे, सगळे डोळ्यांसमोर फिरते. ते दुरुस्त करणारा माणूस न कळत यंत्रशास्त्र शिकतो, आणि शिकला की हात स्वस्थ बसत नाहीत.

प्रवासाचेही असेच आहे. इंग्लंडात टॉमस होल्डिंग नावाचे एक शिंपी होते. सायकलवर तंबू बांधून मुक्कामाला जाणाऱ्यांचा संघ 1901 मध्ये त्यांच्या पुढाकाराने निघाला. शिंपी होते म्हणून सायकलला पेलेल असा हलका तंबू त्यांना सुचला, हे विसरू नये. आपल्याकडे ऑक्टोबर 1923 मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये फेरी पूर्ण करून परतले, सुमारे 71 हजार किलोमीटर करून. त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले म्हणून आज आपण त्यांची नावे घेतो. योग्यच आहे. पण कॅरिअर वाकवून देणाऱ्या लोहाराने पुस्तक लिहिले नाही.

सत्तरीच्या दशकात आम्ही कॉलेजातले चौघे कल्याणहून नेरळ, कशेळे, खांडस असे सायकलवर यायचो. सायकली खांडसला कुणाच्या पडवीत ठेवायच्या आणि गणेश घाटाने चालत भीमाशंकर. पाठपिशव्या कुणाकडे होत्या! गोडेतेलाचे दोन रिकामे चौकोनी डबे, त्यांना सळईचे आकडे, आणि कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना टांगलेले. पॅडल मारताना टाच लागू नये म्हणून डब्याचा पुढचा कोपरा तिरका कापलेला. आज शनिवार-रविवारी मुंबईचे सायकलस्वार पेठच्या किल्ल्याकडे जातात, त्यांच्या महागड्या पिशव्या नीट बघा. कोपरा तिरकाच आहे. सामान बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. रात्री दोन सायकली उलट्या उभ्या करून वरून ताडपत्री, झाला तंबू. टायर फाटला तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावायचा आणि हवा जरा कमी ठेवायची.

चढाचे गणितही कळले ते दुकानात, वर्गात नव्हे. साध्या सायकलीला पुढे 44 दाते, मागे 18. पायाच्या एका फेरीला चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. सपाटीला उत्तम, ओझ्यासकट चढाला जीव जातो. मग मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून घ्यायचे. वेग गेला, पण उतरून ढकलणे थोडे टळले.

ही विद्या आम्ही नव्हती शोधली. ती दूधवाल्यांकडून आली. त्यांच्या सायकली आठवा. कॅन उंच कॅरिअरवर ठेवला तर पुढचे हँडल हलके होऊन डुगडुगते, म्हणून कॅन दोन्ही बाजूंना, खाली, आसाच्या जवळ. पुढच्या चिमट्याला हँडलपासून आसापर्यंत दोन जादा सळया. मागे जाड आरे. कारखानेही दुहेरी दांड्याच्या सायकली विकत, पण ज्याला परवडत नसे तो वेल्डिंगवाल्याकडून दुसरा दांडा जोडून घेई. आणि धारवाला! स्टँड लावून मागचे चाक उचलायचे, चाकावरून पट्टा घेऊन दांड्यावरचा दगड फिरवायचा. वाहनच जागेवर उभे राहिले की कारखाना.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा एक प्रश्न सुटत नाही. चाके बदलली, चिमटा बदलला, दांडा जोडला. मग सायकल तीच का? मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाबद्दल हेच विचारले होते. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? राजाला कबूल करावे लागले की या सर्वांच्या जुळणीला रथ म्हणतात. इथून जवळच आंबिवलीची बौद्ध लेणी आहेत, तिथल्या भिक्षूंना हा प्रश्न परका नसावा. आम्ही नागसेनाच्या उत्तराला एकच पुरवणी जोडू: ती जुळणी कुणीतरी, कुठल्यातरी ओझ्यासाठी करतो. दूधवाल्याची सायकल आणि आमची तंबूची सायकल एकाच कारखान्यातून निघाली असेल, पण त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या.

आता मोटारसायकल आली, दूध टेम्पोने जाते. सायकली भंगारात गेल्या, त्यांच्याबरोबर ती कॅरिअरेही वजनावर गेली. कोणी तक्रार करावी असे त्यात नाही, चढावर दूध वाहणे काही सुखाचे काम नव्हते. पण संग्रहालयात ठेवायला चकचकीत रॅले मिळेल, तो कोपरा कापलेला डबा मिळणार नाही.

तेव्हा प्रश्नोत्तरे सुरू करण्याआधी आम्हीच विचारतो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात असे कॅरिअर आहे का? असेल तर सळईची जाडी, किती लिटरचे कॅन, रोजची वाट कुठून कुठे, आणि ते कुणी वाकवून दिले, एवढे सांगा. हे सगळे इथे लिहून घेतले जाते आहे. मागे बसलेल्या आजोबांनी हात वर केला आहे, त्यांना आधी माइक द्या.