अन्नाची ओढ आणि व्यसनाची तलफ : एका साम्याचा इतिहास

प्रस्तावना

मराठीत तंबाखूची जशी ‘तलफ’ येते, तशी ती चहाचीही येते. जुगाराची जशी ‘चटक’ लागते, तशी ती गोडाचीही लागते. भाषेने सहज टिपलेल्या या साम्याचा प्रायोगिक अभ्यास मात्र बराच नंतर झाला. त्यातील काही महत्त्वाच्या टप्प्यांच्या आधारे हे साम्य नेमके कशात आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मिनेसोटा येथील प्रयोग

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धउपासमारीचा प्रयोग सुरू केला. युद्धग्रस्त प्रदेशांतील उपाशी जनतेचे पुनर्वसन कसे करावे, हे जाणून घेणे हा त्यामागील हेतू होता. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या या तरुणांनी त्यात स्वेच्छेने भाग घेतला. २४ आठवडे त्यांना दररोज सुमारे १५७० कॅलरींचा आहार मिळाला व त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. मात्र अधिक लक्षणीय बदल मनात झाला. त्यांना अन्नाची स्वप्ने पडू लागली. पूर्वी स्वयंपाकात रस नसलेले काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. कॉफीचे सेवन इतके वाढले की त्यावर मर्यादा घालावी लागली. पुढे मुबलक अन्न मिळाल्यावरही काहींची तृप्ती होईना. हे तरुण दुर्बल इच्छाशक्तीचे नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

संकल्पनेचा उदय

१९५६ मध्ये अ‍ॅलर्जीतज्ज्ञ थेरॉन रँडॉल्फ यांनी ‘अन्नव्यसना’वर लेख लिहिला. तो मद्यविषयक अभ्यासाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. १९६० मध्ये ‘ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना मद्यपींच्या स्वयंसाहाय्य चळवळीच्या धर्तीवर स्थापन झाली. दारू पूर्णतः सोडता येते, अन्न सोडता येत नाही, ही अडचण तिच्यापुढे आरंभापासूनच होती.

प्रयोगशाळेतील पुरावा

२००२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील बार्टली होबेल व सहकाऱ्यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून नंतर साखरेचे द्रावण व अन्न दिले. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन टोचताच त्या उंदरांत दात वाजणे, पंजे थरथरणे अशी, अफूवर्गीय द्रव्ये तुटल्यावर दिसणारी लक्षणे दिसली. साखर अखंड उपलब्ध असलेल्या उंदरांत मात्र असे अवलंबित्व आढळले नाही. २००४ मध्ये मार्शिया पेल्चॅट व सहकाऱ्यांनी एकसुरी आहारावर ठेवलेल्या माणसांच्या मेंदूचे चित्रण केले. आवडत्या पदार्थाच्या तीव्र इच्छेच्या वेळी त्यांच्या मेंदूतील जे भाग उद्दीपित झाले, त्यांपैकी काहींचा संबंध अमली पदार्थांच्या तलफेशीही यापूर्वी आढळला होता.

निष्कर्ष

साम्य आहे, परंतु दोन्ही गोष्टी एकरूप नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने ‘तलफ’ हा व्यसनाचा निकष म्हणून स्वीकारला. ‘अन्नव्यसन’ या निदानाचा समावेश मात्र केला नाही. वरील तिन्ही प्रयोगांत एक समान सूत्र आढळते : अन्नाची ओढ तीव्र झाली ती वंचनेच्या, किंवा वंचना व विपुलता यांच्या आलटून-पालटून येण्याच्या परिस्थितीत. म्हणून दोष केवळ पदार्थात किंवा खाणाऱ्याच्या चारित्र्यात शोधणे अपुरे ठरते. दिवसभर उपाशीपोटी तासिका करून सायंकाळी तळलेल्या पदार्थांवर तुटून पडणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सहज ‘खादाड’ म्हणतो. त्याला संयमाचा उपदेश करण्यापूर्वी, तो सकाळी जेवून आला होता काय, एवढे विचारणे हे अध्यापकाचे पहिले कर्तव्य ठरावे.